उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या मुख्य प्रशिक्षकांना खुले पत्र: लॉगबुकची खतावणी पहिल्या सॉर्टीपासून हवी

प्रति,
बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर आणि महाराष्ट्रात जिथे जिथे विमान उडवायला शिकवले जाते, तिथले सर्व मुख्य उड्डाण प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

विद्यार्थी पहिल्या सॉर्टीहून, म्हणजे उड्डाणफेरीहून, उतरला की त्याच्या कोऱ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, पहिली ओळ भरली जाते. त्याच संध्याकाळी त्याने एक स्प्रेडशीटही उघडावी, आणि ती कशी असावी हे त्याच्यावर न सोडता संस्थेने ठरवून द्यावे, ही आमची आपल्याकडे मागणी आहे. आज बहुतेक मुले शीट ठेवतात, पण ज्याची त्याची वेगळी. सीनियरकडून मिळालेली, कुठून तरी उतरवून घेतलेली, फॉर्म्युले कोणी तपासले आहेत याचा पत्ता नसलेली. चूक उघडी पडते ती २०० तास झाल्यावर, परवान्याचा अर्ज भरताना. तोवर ती दुरुस्त करायला उशीर झालेला असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शाईचे लॉगबुक बंद करा असे आम्ही म्हणत नाही. विमान नियम, १९३७ मधला नियम ६७अ नोंदी शाईने करायला आणि शेवटच्या नोंदीनंतर किमान ५ वर्षे पुस्तक जपायला सांगतो. जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशी दोन पुस्तके असत. दिवसाचा व्यवहार कीर्दीत, आणि कोणाच्या खात्यावर किती हे खतावणीत. शाईचे लॉगबुक ही कीर्द आहे. तिच्यात ‘गेल्या सहा महिन्यांत पीआयसी (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून किती उडलो’ हे शोधायचे तर पाने उलटून बेरजा माराव्या लागतात. स्प्रेडशीट ही खतावणी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) ईजीसीए पोर्टलवरच्या ई-लॉगबुकात नोंद चढवण्याआधी कीर्द आणि खतावणी जुळलेली असली, की पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या, अटी आपल्याला पाठ आहेत: एकूण २०० तास, त्यात पीआयसी १००, पीआयसी क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळापर्यंतचा प्रवास) २०, इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवरून उडवणे) १० आणि त्यात सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५, रात्रीचे ५ तास आणि रात्रीचे १० टेक-ऑफ व लँडिंग. ही साठत जाणारी खाती आहेत, त्यांची बेरीज पानाच्या तळाशीही दिसते. खरा घोळ सरकत्या अटींचा. पीआयसीच्या १०० तासांपैकी १५ तास अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांत झालेले लागतात, आणि एकूण तास अर्जाआधीच्या पाच वर्षांतले लागतात. एखाद्याचे २०० तास एप्रिलअखेर पुरे झाले, एक पेपर राहिला, मध्ये जून ते सप्टेंबर पावसाने उड्डाणे कमी झाली आणि अर्ज नोव्हेंबरात गेला, तर सहा महिन्यांच्या खिडकीत १५ तास उरतीलच असे नाही. हे नोव्हेंबरात कळले तर पुन्हा विमान, पुन्हा पैसे, पुन्हा रांग.

म्हणून शीटमध्ये सर्वांत वर एक सेल ‘अर्जाची अपेक्षित तारीख’ म्हणून ठेवा. आजची तारीख त्या जागी वापरू नका. ईडेट फंक्शनने त्या तारखेतून ६ महिने वजा करा, आणि सम-इफ्सने त्या दोन तारखांच्या मधली फक्त पीआयसीची मिनिटे जोडा. विद्यार्थ्याने तारीख महिनाभर पुढे ढकलली की किती तास खिडकीबाहेर गळतात ते लगेच दिसते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगलाही असाच सहा महिन्यांचा हिशेब लागतो. तोच फॉर्म्युला, फक्त कॉलम वेगळा.

आता वेळेकडे. शीटमधल्या दहापैकी नऊ चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

एक्सेल आणि गूगल शीट्स वेळ ही दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतात. दीड तास म्हणजे त्यांच्या लेखी ०.०६२५. साधा तास-मिनिटांचा साचा लावला तर बेरीज २४ तासांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि ५० तास उडलेल्या मुलाच्या शीटवर २ तास दिसतात. तासाचे अक्षर चौकोनी कंसात घातले, म्हणजे [h]:mm असा साचा केला, की पूर्ण बेरीज दिसते. हे अनेकांना माहीत असते. पुढची चूक मात्र नजरेतून सुटते: १ तास २० मिनिटे लिहिताना अपूर्णविरामाऐवजी टिंब पडले, म्हणजे १.२० टाइप झाले, तर शीट ते १.२ दिवस समजते. म्हणजे २८ तास ४८ मिनिटे. चौकोनी कंस नसेल तर त्या सेलमध्ये नुसते ४:४८ दिसते, आणि ते कोणाला खटकतही नाही.

दशांश तासांनी हा प्रश्न सुटतो असे वाटते, पण दुसरा उभा राहतो. १ तास २० मिनिटे म्हणजे १.३३३, एक दशांश स्थळ ठेवले की १.३, आणि २ मिनिटे गेली. अशा १५० सॉर्टी घड्याळाने बरोबर २०० तास होतात. दशांशांनी त्या १९५ होतात. उलट १ तास १० मिनिटांचे १.२ केले तर प्रत्येक सॉर्टीला २ मिनिटे फुकट जोडली जातात, आणि न उडलेले तास नोंदवल्याचा ठपका येतो. हेतू चांगला होता, हे कागदावर दिसत नाही.

आमची ठाम शिफारस: सगळा हिशेब पूर्ण मिनिटांत ठेवा. २०० तास म्हणजे १२,००० मिनिटे, १०० म्हणजे ६,०००, २० म्हणजे १,२००, १५ म्हणजे ९००. पूर्णांकांत गोलाईचा प्रश्नच येत नाही. अपूर्णांकांत वेळ ठेवली तर पडद्यावर २००:०० दिसते, पण आतली किंमत केसाएवढी कमी असते आणि ‘अट पूर्ण झाली का’ या सेलमध्ये ‘नाही’ येते. माणसाला दाखवण्यासाठी शेवटच्या बेरजेला तेवढे १,४४० ने भागा आणि चौकोनी कंसाचा साचा लावा.

चॉक्स ऑफ आणि चॉक्स ऑनची (चाकांचे अडसर काढून निघण्याची आणि परत येऊन ते लावण्याची) वेळ चार आकड्यांत घेणे सोयीचे, कारण रेडिओवर आणि जर्नी लॉगमध्ये (विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीत) आपण तशीच बोलतो-लिहितो. ०४४० टाइप केले की शीट पुढचे शून्य खाऊन ४४० ठेवते, ठेवू द्या. पण ५४५ मधून ४४० थेट वजा करू नका. उत्तर १०५ येते आणि ते मिनिटांसारखे दिसते, प्रत्यक्षात सॉर्टी ६५ मिनिटांची आहे. आधी प्रत्येक वेळेची मिनिटे करा: १०० ने भागून येणारा पूर्णांक गुणिले ६०, अधिक मॉड फंक्शनने मिळणारी बाकी. मग वजाबाकी. उत्तर ऋण आले तर त्यात १,४४० मिळवा, कारण मध्यरात्र ओलांडली आहे.

मध्यरात्र कुठली? यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेची. आपल्याकडे पहाटे साडेपाचला यूटीसीची तारीख बदलते. मे महिन्यात गोंदियात ५:२० ला चॉक्स काढून ६:२५ ला परत आलेली सॉर्टी यूटीसीत २३५० ला सुरू होऊन ००५५ ला संपते, आणि तिची तारीख आदल्या दिवसाची पडते. महिन्याच्या १ तारखेला असे झाले की ती सॉर्टी मागच्या महिन्यात जाऊन बसते आणि महिनाअखेरचा ताळा चुकतो. नियम एकच ठेवा: तारीख आणि वेळ दोन्ही यूटीसी, तारीख चॉक्स ऑफची. भारतीय वेळ हवी असेल तर ती वेगळ्या कॉलममध्ये ३३० मिनिटे मिळवून आपोआप येऊ द्या, हाताने कोणी लिहू नये.

तारखेचा साचा वर्ष-महिना-दिवस असा बांधून द्या. ज्याच्या लॅपटॉपची मांडणी अमेरिकन आहे त्याच्याकडे ०३/०४ ही ३ एप्रिलऐवजी ४ मार्च होते, आणि १३/०४ ही तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होते. मजकूर झालेल्या सेलला सम फंक्शन चूक दाखवत नाही, मुकाट्याने वगळते. ओळखण्याची खूण सोपी: आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. तरीही डोळ्यांवर विसंबू नका. काउंट फक्त आकडे मोजते, काउंट-ए भरलेले सगळे सेल मोजते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर कुठेतरी मजकूर घुसला आहे. जुन्या मॅकवरच्या एक्सेल फाइलींत तारखांची मोजणी १९०४ पासून होते. त्यातून चिकटवलेल्या तारखा १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवसाने हलतात. पाच वर्षांच्या अटीत हा फरक महागात पडतो.

कमर्शियल झाल्यावर हीच शीट पुढे नेणाऱ्यांसाठी एक सूचना. इंडिगोचा संकेत ६ई आहे. त्याला जोडून, मध्ये जागा न सोडता तीनशेच्या आतला तीन आकडी फ्लाइट नंबर रोमन लिपीत लिहिला, की एक्सेल त्यातल्या ‘ई’ला दहाचा घात समजते आणि फ्लाइट नंबरची एक अवाढव्य संख्या होते. तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

किती मिनिटे धरायची, यावरही विद्यार्थ्यांचा गोंधळ असतो. विमानातला हॉब्स मीटर बहुधा तेलाच्या दाबावर चालतो, म्हणजे इंजिन सुरू झाले की धावतो, आणि त्याचा एक टप्पा ६ मिनिटांचा असतो. टॅकोमीटरचा तास इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो, टॅक्सी करताना तो घड्याळामागे राहतो. लॉगबुकात यांपैकी कोणताच आकडा जात नाही. टेक-ऑफसाठी विमान पहिल्यांदा हलले तिथपासून ते शेवटी थांबले तिथपर्यंतचा वेळ, तेवढाच फ्लाइट टाइम. मीटरचे आकडे पडताळ्यासाठी वेगळ्या कॉलममध्ये जरूर ठेवा. हॉब्स आणि ब्लॉक टाइम (चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन) यांत १२ मिनिटांहून जास्त फरक दिसला तर त्या ओळीला रंग लागावा, एवढी सोय पुरे.

कॉलमांबद्दल थोडक्यात. तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कुठून, कुठे, ऑफ, ऑन, मिनिटे, पीआयसीचे नाव, व्यायामाचा प्रकार हे तर आलेच. मिनिटांचे दोन वेगळे गट करा. पहिला गट भूमिकेचा: ड्युअल (प्रशिक्षकासोबत), पीआयसी, को-पायलट. एका ओळीत या तिघांची बेरीज एकूण मिनिटांएवढीच हवी, एकही मिनिट कमी-जास्त नको. दुसरा गट परिस्थितीचा: रात्र, क्रॉस-कंट्री, प्रत्यक्ष इन्स्ट्रुमेंट, हूडखालचे (बाहेरचे दिसू नये अशी झापड लावून केलेले) इन्स्ट्रुमेंट. हे एकूण वेळेचे भाग आहेत. त्यातला प्रत्येक आकडा एकूण मिनिटांइतका किंवा कमी असतो आणि तो एकूण बेरजेत पुन्हा कधीच मिळवायचा नसतो. आठवड्याला भेटणारी चूक हीच: रात्रीचे तास एकूण तासांत दुसऱ्यांदा जोडलेले. सिम्युलेटर वेगळ्या पानावर ठेवा. तिथून मुख्य पानावर येताना किमान-फंक्शन लावून ३०० मिनिटांवर कापा, म्हणजे सीपीएलच्या १० तासांत पाचाहून जास्त सिम्युलेटर शिरणार नाही.

क्रॉस-कंट्रीत एक बारकावा आहे. ३०० नॉटिकल मैलांच्या उड्डाणात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग दिसले पाहिजे. मुलगा सगळा प्रवास एका ओळीत ‘धुळे ते धुळे’ असा लिहितो, आणि मधले थांबे शेऱ्याच्या कॉलममध्ये अर्धवट राहतात. प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र ओळ करा आणि त्या ओळींना एकच प्रवास क्रमांक द्या. धुळे-नागपूर सरळ रेषेत सुमारे २४० नॉटिकल मैल भरते. पुढच्या टप्प्याचे अंतर शेजारी असले की ३०० कुठे ओलांडले, हे तपासणाऱ्याला विचारावे लागत नाही.

रात्रीच्या वेळेसाठी शीटमध्ये ठराविक घड्याळी वेळ कधीच बांधू नका. गोंदियाला सूर्य धुळ्यापेक्षा सुमारे २२ मिनिटे आधी मावळतो. दृश्य नियमांखालच्या उड्डाणांना सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत मनाई असते. पण लॉगबुकात ‘रात्र’ कुठून धरायची ही व्याख्या मुख्य प्रशिक्षकांनीच एकदा लेखी द्यावी आणि ती शीटच्या पहिल्या पानावर असावी. आपल्या तळाच्या सूर्यास्ताचा वर्षभराचा तक्ता दुसऱ्या पानावर ठेवला, की त्या तारखेचा सूर्यास्त शीट स्वतः उचलते. सायंकाळच्या सॉर्टीतली रात्रीची मिनिटे मग अंदाजाने लिहावी लागत नाहीत.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कॉलम, जो उतरवून घेतलेल्या शीटमध्ये जवळजवळ कधीच नसतो: शाईच्या पुस्तकाचे पान आणि ओळ. प्रत्येक रोमध्ये ‘१२-७’ असे काहीतरी हवे, म्हणजे पान १२, ओळ ७. (हाही कॉलम टेक्स्ट करा, नाहीतर शीट त्याची तारीख करून टाकेल.) त्याच्या शेजारी विमानाच्या जर्नी लॉगमधला नोंद क्रमांक. या दोन आकड्यांमुळे स्प्रेडशीटची कोणतीही ओळ दोन मिनिटांत कागदावर दाखवता येते. त्याशिवाय शीट म्हणजे नुसता मुलाचा शब्द.

महिनाअखेरीस ताळा करा. एक तास पुरतो. विमानाच्या नोंदणी क्रमांकानुसार तीन आकडे काढा: सॉर्टींची संख्या, एकूण मिनिटे, लँडिंग. तेच तीन जर्नी लॉगमधून. फरक आला तर सगळ्या ओळी वाचत बसण्याआधी फरकाचा आकडा नीट पाहा, तो बरेच सांगतो. फरक ४० किंवा ४० च्या पटीत असेल तर कोणीतरी चार आकडी वेळांची थेट वजाबाकी केली आहे. ६० असेल तर तास चुकला. ३३० असेल तर एक वेळ यूटीसी आणि दुसरी भारतीय लिहिली आहे. १,४४० म्हणजे मध्यरात्र. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याची दाट शक्यता, जसे ५४ चे ४५. मुनीम लोकांची ही जुनी युक्ती पूर्णांक मिनिटांत आजही चालते. यापैकी काही नसेल तर एखादी अख्खी सॉर्टी सुटली आहे किंवा दोनदा पडली आहे, आणि ते सॉर्टींच्या संख्येवरून कळते.

ताळा जुळला की त्या महिन्याच्या ओळी लॉक करा, पान छापा, आणि शाईच्या पुस्तकाबरोबर त्यावरही सही करा. पुढे चूक सापडली तर लॉक केलेला आकडा पुसू नये. ‘दुरुस्ती’ नावाच्या पानावर जुना आकडा, नवा आकडा, कारण, तारीख आणि मान्यता देणारा अशी ओळ घालावी, जसे शाईच्या पुस्तकात आपण व्हाइटनर न लावता एका रेघेने खोडून सही करतो.

स्प्रेडशीट काय, कोणीही बदलेल, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे आणि तो गंभीर आहे. २०११ साली आपल्या देशात बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने आणि न उडलेल्या तासांच्या नोंदी उघडकीस आल्या, डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची तपासणी केली, आणि प्रामाणिक मुलांनाही त्याची झळ बसली. पण त्या काळातली पुस्तके शाईचीच होती. जगभरच्या वैमानिकांच्या बोलीत खोट्या तासांना ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात, ते उगाच नाही. खोटी नोंद पकडली जाते ती दुसऱ्या, स्वतंत्र नोंदीशी ताडून पाहिल्यावर. पान-ओळ, जर्नी लॉग क्रमांक आणि महिन्याचा सही केलेला छापील उतारा असलेली शीट हे ताडून पाहणे सोपे करते. एकच विमान एकाच वेळी दोन विद्यार्थ्यांच्या नावावर पीआयसी म्हणून चढले असेल, तर सगळ्यांच्या शीट एका साच्यात असल्यावर तेही दिसते. आज प्रत्येकाचा साचा वेगळा, म्हणून दिसत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली त्याला बरीच वर्षे झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वैमानिकांचा परवानाही इलेक्ट्रॉनिक रूपात आला. उद्या पूर्ण नोंद डिजिटल झाली तर आपल्या मुलांचा हिशेब तिथे जाण्याइतका स्वच्छ असावा.

जपणुकीबद्दल दोनच गोष्टी. मूळ फाइल संस्थेच्या खात्यात ठेवा, विद्यार्थ्याला फक्त स्वतःच्या पानावर लिहिण्याची मुभा द्या. ‘लिंक असलेला कोणीही बदलू शकेल’ ही सोय बंद हवी. आणि महिन्याला एक सीएसव्ही (साध्या मजकुराच्या फाइलची) प्रत काढा, पण ती उघडून पुन्हा सेव्ह करू नका: उघडताक्षणी पुढची शून्ये जातात, आणि सेव्ह केले की कायमची जातात.

आमची विनंती तीन कामांची आहे. संस्थेचा एक साचा ठरवावा, आणि तो वापरात आणण्याआधी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या पूर्ण लॉगबुकवर चालवून पाहावा. ग्राउंड क्लासमध्ये, पहिल्या उड्डाणाआधी, दोन तासिका नोंदींसाठी द्याव्यात. आणि महिन्याचा ताळा झाल्याशिवाय ई-लॉगबुकातल्या नोंदींना मंजुरी देऊ नये.

ज्यांचे ६०-७० तास आधीच झाले आहेत, त्यांना ‘मागील बाकी’ म्हणून एक आकडा टाकून पुढे जायची परवानगी देऊ नका. त्या एका आकड्यात तारीख नसते, भूमिका नसते, आणि सहा महिन्यांच्या खिडकीला तो दिसतच नाही. पहिल्या पानापासून भरून घ्या. ६० तासांच्या साधारण ६० ते ८० ओळी होतात; एक वाचणारा, एक टाइप करणारा, अशी जोडी बसवली तर एका रविवारी काम होते. दर पानाखालची शाईतली बेरीज शीटमधल्या त्या पानाच्या बेरजेशी जुळल्याशिवाय पुढचे पान उघडू नका. पुस्तकातली बेरीजच चुकलेली निघाली, तर ती त्याच दिवशी, मुलगा समोर असताना, एका रेघेने आणि आपल्या सहीने दुरुस्त होऊ शकते.

आपले,
उड्डाणनोंदींचे काम करणारे काही वैमानिक आणि ग्राउंड प्रशिक्षक